मुलांचे ताट आणि मुलांचे मैदान



आमच्या खानदेशात वसंतातल्या व्याख्यानाला येऊन बसणे ही काही साधी गोष्ट नव्हे. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांना हात लावू पाहतो, धुळ्याची पांझरा कोरडी पडलेली असते, संध्याकाळी सातनंतरही भिंतींतून ऊन बाहेर येत असते. तरीही आपण येता. म्हणून विषय असा घेतला आहे की, घरी गेल्यावर आज रात्रीच पाने वाढताना त्याचा काही उपयोग व्हावा. मुलांनी नीट खावे कसे आणि अंग हलवावे कसे, हा तो विषय होय.

आम्ही डॉक्टर नाही, आहारशास्त्राचे पदवीधरही नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते जळगावच्या डाळमिलांतील मजुरांत, बाजार समितीच्या हमालांत, धुळ्याच्या यंत्रमागांवर, आणि उरलेले वाचनालयाच्या बाकावर. गेली काही वर्षे अंगणवाडी सेविका आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाया यांच्या संघटनेचे काम आमच्याकडे आहे. तीस वर्षे आम्ही मजुरी वाढवून मागण्यात घालवली. मजुरी कशासाठी, असे कोणी विचारले की आमचे उत्तर ठरलेले असे: पोराबाळांच्या पोटासाठी. पण वाढलेली मजुरी त्या पोटापर्यंत कोणत्या रूपाने पोचते, हे मात्र आम्ही कधी पाहिले नाही. ते पाहायला लावले आमच्याच घराने.

आमची मुलगी आठवीत होती. एके दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठ भरले. त्या वयाच्या मुलीचे ते निदान बारा असावे लागते. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चार साधे प्रश्न विचारले. सकाळी काय खाते? चहा आणि खारी. डब्यात काय नेते? बिस्किटाचा पुडा, नाहीतर झटपट शिजणाऱ्या शेवया. भाजी? आवडत नाही म्हणून आग्रह करीत नाही. आणि खेळते काय? यावर आम्ही काहीशा अभिमानानेच सांगितले की, मुलगी मोठी झाल्यापासून खेळणे बंद केले आहे, आता अभ्यासच करते. बाईंनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा लिहू लागल्या. आम्ही त्याच दिवशी दुपारी पाळणाघराच्या मागणीसाठी मोर्चा नेणार होतो. दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर मागणाऱ्या माणसाला आपल्या मुलीच्या डब्यात काय असते हे ठाऊक नव्हते, ही गोष्ट लपवून पुढचे सांगणे बरे नाही, म्हणून आधीच सांगून टाकली.

एकाच गल्लीतील दोन दुखणी

ही आमच्या एकट्याच्या घरची गोष्ट असती तर येथे बोलण्याचे कारण नव्हते. २०१९ ते २१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, शेकडा ३६ मुलांचे वजन कमी आढळले, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांत शेकडा ६९ मुलांना रक्तक्षय होता. आधीच्या फेरीत हा शेवटचा आकडा ५४ होता. म्हणजे मधल्या वर्षांत रस्ते झाले, मोबाइल आले, आणि मुलांचे रक्त मात्र कमी झाले. त्याच पाहणीत वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण जेमतेम शेकडा दोनवरून चारावर गेलेले दिसते.

पूर्वी आम्ही समजत असू की, काटकुळी मुले गरिबाच्या घरी आणि लठ्ठ मुले श्रीमंताच्या घरी. आता तसे राहिलेले नाही. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही दुखणी नांदतात. गंमत अशी की दोहोंचे मूळ पुष्कळ अंशी एकच आहे. पोट भरते, पण ज्याने शरीर बांधले जावे ते पोटात जात नाही; आणि जे जाते ते खर्च करायला अंग हलत नाही.

कळण्याच्या भाकरीतले शास्त्र

आता ताटाचा हिशोब पाहू. वाढत्या मुलाला तीन प्रकारच्या मालाची गरज असते. पहिला माल इंधनाचा: धान्य, तेल, गूळ-साखर. दुसरा बांधकामाचा: डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मांस-मासळी. तिसरा देखरेखीचा: भाज्या आणि फळे, ज्यांतील क्षार व जीवनसत्त्वे बाकीच्या दोन मालांचा उपयोग करून घेतात. गिरणीत कापूस भरपूर आला आणि फिटर व तेलवाला आलाच नाही तर काय होईल, हे कामगारांना सांगावे लागत नाही. आपल्या मुलांच्या ताटात इंधन बहुधा असते. उणीव असते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मालाची.

याचे उत्तर पुष्कळसे आमच्या आजीच्या जात्यात होते. खानदेशातील कळण्याची भाकरी आपण सर्वांनी खाल्ली आहे. ज्वारीत सालीसकट उडीद मिसळून दळायचे, चवीला मीठ घालायचे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर. आणि उडदात मेथिओनिन नावाचा घटक कमी, तो ज्वारीत बरा. दोन्ही एकत्र आले म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि त्या प्रथिनाचा शरीराला अधिक उपयोग होतो. ज्यांनी ही भाकरी शोधून काढली त्या बायांना हे शब्द ठाऊक नव्हते. पण अशी भाकरी खाऊन शेतात दिवस काढता येतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. खिचडी, वरणभात, दाल-बट्टी या साऱ्यांत हीच जोडी आहे.

त्या भाकरीबरोबर मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला यांपैकी एखादी पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि वर लिंबाची फोड असावी. लिंबाची फोड ही शोभेची वस्तू नव्हे. पालेभाजी आणि धान्य यांतील लोह शरीर मोठ्या कष्टाने शोषून घेते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्याला मदत करते. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा त्याच लोहाची वाट अडवतो. आमच्याकडे चार वर्षांच्या मुलालाही बशीत चहा ओतून देण्याची रीत आहे. ही रीत मोडली तरी रक्ताचे अर्धे काम सोपे होईल. शाळेत मिळणारी लोहाची गोळी आणि जंताची गोळीही मुलांनी घेतली पाहिजे. पुष्कळ मुले ती खिडकीबाहेर टाकतात. आमच्या मुलीने पुढे हसत कबूल केले की तीही टाकीत असे.

राहिले फळ. सफरचंद महाग म्हणून फळ परवडत नाही असे सांगणारी माणसे आम्हाला रावेर-यावलच्या केळीच्या बागांजवळ भेटली आहेत! जेथून गाड्या भरभरून केळी देशभर जातात तेथल्या शाळेच्या दाराशी मुले रंगीत पुडी फोडीत उभी असतात. हिवाळ्यात मेहरूणची बोरे, पेरू, पुढे आंबा, आणि बारा महिने केळे, एवढे फळ आमच्या मुलांना पुरे आहे.

पाच रुपयांची पुडी

त्या पुडीविषयी दोन शब्द. एक हमालबाई आम्हाला म्हणाल्या, “भाऊ, पोऱ्या भाकर खातच नाही, त्याले पुडीच लागते.” आम्ही विचारले, पुडी पहिल्यांदा कोणी दिली? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मीच. कामावर निघताना रडायचा म्हणून.” या उत्तरात सारा प्रश्न आला. दिवसभर पोती शिवणारी, धान्य निवडणारी आई मुलाजवळ राहू शकत नाही; ती नसण्याची भरपाई पाच रुपयांच्या पुडीने करते. तिला दोष देणारा माणूस बहुधा घरी आयते जेवणारा असतो.

पण पुडी म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. बटाट्याच्या तळलेल्या चकत्यांच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेलाचा असतो, वर मीठ. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटर बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. चहात इतकी साखर घालून दिली तर आपण मुलाच्या हातून कप काढून घेऊ. अशा खाण्याने भूक मरते, आणि मग भाकरी आवडत नाही असे आपण म्हणतो. मुलाला भाकरीचा तिटकारा आलेला नसतो. त्याला त्या वेळी भूकच नसते.

तेव्हा करावे काय? अनुभवाने आणि वाचनाने काही गोष्टी आम्हाला पटल्या आहेत. ताटात काय आणि कोणत्या वेळी वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे हे मुलावर सोडावे. नाक दाबून भरवलेली भाजी मुलाच्या मनात भाजीविषयी वैर निर्माण करते. नवी भाजी एकदा नाकारली म्हणून सोडून देऊ नये. दहा-पंधरा वेळा थोडीथोडी ताटात आली म्हणजे जीभ तिला ओळखू लागते. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन’ असे म्हणू नये, कारण त्याचा अर्थ मूल बरोबर लावते: भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एकत्र, मोबाइल बाजूला ठेवून करावे. आणि बापाने भाजी चिवडीत ‘हे काय केलेस’ असे म्हणू नये. पोरगा ऐकत असतो.

शेवटची सूचना पुरुष श्रोत्यांना आहे. मुलाचा डबा हे एकट्या आईचे काम नव्हे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे यांत त्यांना कमीपणा वाटला नाही. मग स्वतःच्या मुलासाठी दोन भाकरी थापायला आम्हाला लाज का वाटावी? आमच्या पहिल्या भाकरीचा नकाशा कोणत्याच देशाशी जुळला नाही, हे खरे. पण मुलीने ती खाल्ली.

मैदान कोठे आहे?

नुसते खाऊन चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल असे अंग हलवावे. पळणे, उड्या, सायकल, कबड्डी, खो-खो, पोहणे, काहीही चालेल. याच संघटनेच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे २०१६ मध्ये भारतातील अकरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी शेकडा ७४ मुलांना एवढीही हालचाल घडत नव्हती. खेळण्याने केवळ मेद झडतो असे नाही. हाडांत चुना भरतो, छातीचा भाता मोठा होतो, झोप लागते, आणि भूक लागते. पुडीवरचा सर्वांत स्वस्त उतारा एक तासाचा हुतूतू आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमच्या लहानपणी विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या यांना पैसा लागत नसे, जागा लागे. आता पैसा थोडाफार आला आणि जागा गेली. चाळींसमोरच्या पटांगणात गाड्या लागतात, मोकळ्या भूखंडाला कुंपण पडते, आणि मूल रस्त्यावर आले तर ट्रकखाली येईल ही भीती खोटी नसते. मग आपणच त्याच्या हातात मोबाइल देतो आणि पुढे ‘हा दिवसभर मोबाइल पाहतो’ अशी तक्रार करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी जी मानके घातली त्यांत क्रीडांगण आहे. तेव्हा शाळेचे मैदान ही मेहरबानी नव्हे. शाळा सुटल्यावर त्याला कुलूप न लावता दोन तास ते वस्तीच्या मुलांसाठी उघडे ठेवावे, एवढी मागणी प्रत्येक प्रभागातील पालक करू शकतात. त्याला इमारत लागत नाही, निविदा लागत नाही. लागते एक किल्ली आणि लक्ष ठेवणारे एक माणूस.

आमच्या उन्हाचा विचार केलाच पाहिजे. चैत्र-वैशाखात दुपारी मुलांना मैदानावर सोडणे हा वेडेपणा होईल. पहाटे सहा ते आठ आणि सूर्य कलल्यावर, असे दोन वेळ धरावेत. मधल्या वेळी सावलीत बैठे खेळ. पळून आलेल्या मुलाला बाटलीतले गोड पेय न देता माठाचे पाणी, मीठ घातलेले ताक किंवा ज्वारीची अंबील द्यावी. घामाबरोबर गेलेले पाणी आणि मीठ त्याने भरून येते.

आणि मुलींचे काय? आखाजी आली की खानदेशात गावोगाव निंबाच्या फांदीला झोके चढतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, उंच उंच झोके घेतात, गाणी म्हणतात. त्या दोन-चार दिवसांत कोणी त्यांना ‘बाईच्या जातीला हे शोभत नाही’ असे म्हणत नाही. मग उरलेल्या वर्षाने काय पाप केले? मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपण तिचे पळणे थांबवतो. आणि नेमक्या त्याच वयात तिची उंची वाढत असते, हाडे भरत असतात, पाळी सुरू झाल्याने लोहाची गरजही वाढलेली असते. ज्या वयात तिला सर्वांत जास्त अन्न व खेळ हवा त्याच वयात दोन्हींत काटछाट होते. ही चूक आम्ही स्वतः केली आहे, म्हणून कोणाकडे बोट न दाखवता सांगतो.

शाळेतले पातेले

येथवर घरचे बोललो. पण घरात जे येत नाही ते ताटात कोठून येणार? म्हणून मुलांच्या जेवणाचा प्रश्न सार्वजनिक आहे. इंग्लंडात १९०६ साली मजूर पक्षाचे सभासद लक्षणीय संख्येने पार्लमेंटात पोचले, आणि त्याच वर्षी त्यांच्यातील एकाने मांडलेल्या विधेयकातून शाळेत भुकेल्या मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. आपल्याकडे मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ पासून शाळेतील दुपारचे जेवण राज्यभर नेले. आपल्या राज्यात १९९५ च्या योजनेनंतर मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. तो मुलाच्या पोटात जाई की दुकानात, हे घरच्या अडचणीवर अवलंबून असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, आणि त्यानंतर आमच्या शाळांत खिचडीची पातेली चढली.

या जेवणाचे माप ठरलेले आहे आणि ते प्रत्येक पालकाला पाठ हवे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल.

एका गावच्या शाळेत आमच्या संघटनेच्या बायांना इतकी थोडी डाळ मिळे की खिचडी नुसती पिवळी दिसे. पालक बायांना चोर म्हणू लागले. बायांनी भांडण केले नाही. वाण्याकडून तराजू आणला, शाळेच्या ओट्यावर ठेवला, आणि रोज सकाळी आलेली डाळ पालकांसमोर तोलून पट मांडला: मुले इतकी, माप इतके, आली इतकी. आठवडाभरात डाळ पुरी येऊ लागली. आम्ही त्यात एक घोषणाही दिली नाही. चाळीस मोर्चांत आम्हाला जे जमले नव्हते ते त्या तराजूने केले.

या बायांना मिळते काय, हेही ऐका. २००९ मध्ये केंद्राने त्यांचे मानधन महिन्याला १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. पुढे राज्याने त्यात भर घातली. तरी धूर खाऊन शंभर मुलांचे रांधणाऱ्या बाईची स्वतःची मुले त्या रकमेत नीट जेवतील काय, याचा हिशोब आपणच करावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे देण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून ते लोकवर्गणीवर सोडण्यात आले. अंड्यातील प्रथिन मुलाच्या अंगी लागण्याच्या दृष्टीने उत्तमांपैकी आहे. केळ्यात ते प्रथिन नाही हे खरे, पण केळीच्या मुलखात मुलाला आठवड्याला एक केळेही मिळू नये, हे आमच्याच्याने पाहवत नाही. निधी मागण्याचे काम आम्ही संघटनेतर्फे करीत राहू. तोवर ज्यांच्या बागा आहेत, ज्यांची वखार आहे, अशा श्रोत्यांनी आपल्या गावच्या शाळेकडे आठवड्याला एक घड पाठवण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये.

आता थांबतो. जाताना एवढेच मागणे आहे. उद्या सकाळी मुलाचा डबा उघडून पाहा. त्याला चहाऐवजी दूध किंवा ताक द्या. शाळेत जाऊन डाळ किती तोलली जाते ते विचारा, आणि मैदानाची किल्ली कोणाकडे असते तेही विचारा. मुलगी असेल तर तिला संध्याकाळी बाहेर खेळायला पाठवा.

आमच्या मुलीचे हिमोग्लोबिन वर यायला सात-आठ महिने लागले. ती आज नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी पहाटे मेहरूण तलावाभोवती तिच्याबरोबर आम्हीही निघतो; ती पळते, आम्ही चालतो. एका फेरीत ती आम्हाला दोनदा मागे टाकते, आणि आम्हाला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.